रंगाचे शेजारी



वसंतात रंगावर व्याख्यान द्यायला उभे राहणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. पेणहून रोह्याकडे गाडी निघाली, कासू आणि नागोठणे मागे पडले, निडीचे लहानसे स्थानक जवळ येऊ लागले, की दोन्ही बाजूंच्या डोंगरउतारांवर पळस आणि पांगारा यांनी या विषयावर आपले म्हणणे आधीच मांडून ठेवलेले असते. वक्त्याने त्यात भर ती काय घालायची? पण त्या पळसाविषयीच एक प्रश्न विचारतो आणि त्यातूनच विषयाला हात घालतो. झाडावर पेटल्यासारखे दिसणारे पळसाचे फूल आपण खाली उतरवून तळहातावर घेतो तेव्हा ते एकाएकी निम्म्याने उतरल्यासारखे का वाटते? फूल तेच आहे. दोन मिनिटांत ते कोमेजलेलेही नाही. मग झाडावरचे तेज गेले कोठे?

माझे उत्तर असे की, ते तेज एकट्या फुलाचे नव्हतेच. त्याच्या मागे चैत्रातले निळे आकाश होते. पळसाला त्या वेळी पाने नसतात, म्हणून शेंदरी फूल आणि निळे आकाश यांच्यामध्ये कोणी तिसरा येत नाही. आकाशाने फुलाला तेज दिले, फुलाने आकाशाला. तळहाताचा रंग मात्र फुलाच्याच कुळातला, फिकट तांबूस. भाऊबंदांच्या गर्दीत कोणाची विशेष शोभा दिसावी?

रंगाचे तेज हे बरेचसे त्याच्या शेजारावर अवलंबून असते, एवढीच गोष्ट मला आज सांगायची आहे. कोणत्या रंगाचा कोणता शेजारी, हे आधी कळावे म्हणून एक साधे यंत्र आहे, त्याला रंगचक्र म्हणतात. आपल्यापैकी जे चित्रकलेच्या एलिमेंटरी किंवा इंटरमीजिएट परीक्षेला बसले असतील त्यांनी ते केव्हातरी काढले असेल. कंपासने वर्तुळ, बारा घरे, रंग भरले, गुण मिळाले, वही रद्दीत गेली. दुकानातला तराजू नुसता शोभेला टांगून ठेवावा आणि माल मात्र अंदाजाने द्यावा, तसा हा प्रकार आहे. म्हणून आज ते चक्र पुन्हा करायचे, पण वापरण्यासाठी.

साहित्य घरातले चालेल. लग्नपत्रिकेचा जाड कागद किंवा पातळ पुठ्ठा, कंपास नसेल तर एक वाटी, टाचणी, आणि रंग तीनच: पिवळा, तांबडा, निळा. वर्तुळाची त्रिज्या कंपासात तशीच धरून परिघावर ठेवत गेलात तर बरोबर सहा वेळा बसते. वाटीने वर्तुळ काढले असेल तर कागद कापून त्याच्या अर्ध्यावर घड्या घाला. सहा बिंदूंच्या मधोमध आणखी सहा घेतले की बारा झाले, म्हणजे घड्याळाची तबकडीच झाली. या तबकडीवर बाराच्या जागी पिवळा, चारच्या जागी तांबडा आणि आठच्या जागी निळा भरा. आता मधल्या जागा. पिवळा आणि तांबडा समप्रभावाने मिसळले की दोनच्या जागी नारिंगी येतो. समप्रभावाने म्हणतो, समभागाने नव्हे. पिवळ्यात तांबडा थेंबाथेंबाने घालावा, नाहीतर पिवळा केव्हा बुडाला ते कळत नाही. तांबडा आणि निळा मिळून सहाच्या जागी जांभळा, निळा आणि पिवळा मिळून दहाच्या जागी हिरवा. उरलेली सहा घरे शेजारशेजारच्या दोन रंगांच्या मिश्रणांची.

या सहा घरांना पाठ्यपुस्तके जोडनावे देतात: पिवळा-नारिंगी, निळा-जांभळा वगैरे. ती वाईट नाहीत, पण आपल्या भाषेला त्यांची गरज नाही. मराठीत बहुतेक रंगांना नावे दिली आहेत ती फळाफुलांची आणि पाखरांची. एकच्या जागी येतो तो पिकल्या आंब्याचा रंग. तीनच्या जागी शेंदरी. पाचच्या जागी गुलबाक्षी, ज्याला कापडाच्या दुकानात राणी म्हणतात. सातच्या जागी गोकर्णीच्या फुलाचा, नऊच्या जागी मोरपंखी, आणि अकराच्या जागी पोपटी. आता समोरासमोरच्या जोड्या वाचा. पिवळ्यासमोर जांभळा, नारिंगीसमोर निळा, तांबड्यासमोर हिरवा, शेंदरीसमोर मोरपंखी, आंब्यासमोर गोकर्ण, पोपटीसमोर राणी. या समोरासमोरच्या रंगांना परस्परांचे पूरक रंग म्हणतात. कोणी विरोधी रंग असेही म्हणतात, आणि मौज अशी की दोन्ही नावे खरी आहेत. ते कसे, हे पुढे येईलच.

इथे सभेतल्या भगिनी मनात म्हणत असतील की, पोपटी लुगड्याला राणी काठ हे आम्हांला कोणी चक्र काढून शिकवले नव्हते. अगदी बरोबर. हिरव्या लुगड्याचा लाल काठ, मोरपंखी पैठणीचा शेंदरी पदर ही निवड विणकराच्या आणि नेसणारीच्या डोळ्यांनी केलेली आहे, पुस्तकाने नव्हे. चक्र नवे काही निर्माण करीत नाही. डोळ्यांना जे पसंत पडते त्याचा ते नकाशा देते.

आता चक्र करताना हमखास येणारी एक अडचण. पिवळा-निळा मिळून हिरवा बरा होतो, पण तांबडा-निळा मिळून जांभळ्याऐवजी चिखलासारखा तपकिरी होतो, आणि मुलगा रंगपेटीला दोष देतो. दोष पेटीचा नसतो, तांबड्याच्या निवडीचा असतो. पेटीत बहुधा दोन तांबडे असतात. एक व्हर्मिलियन, तो शेंदराकडे झुकलेला. दुसरा क्रिमसन लेक, तो राणीकडे झुकलेला. व्हर्मिलियन घेतलात तर तांबड्याबरोबर थोडा पिवळाही नकळत आत शिरतो. हा पिवळा जांभळ्याच्या नेमका समोरचा. तो जांभळ्याला मारतो. म्हणून जांभळ्यासाठी क्रिमसन आणि नारिंगीसाठी व्हर्मिलियन. एवढे एक जरी ध्यानात राहिले तरी व्याख्यानाला आल्याचे पाऊलभर सार्थक झाले असे मी समजेन.

आणि पाहा, अडचणीचे हे उत्तर देतानाच पूरक रंगांचा पहिला नियम येऊन गेला. समोरासमोरचे दोन रंग एकमेकांत मिसळले तर ते एकमेकांना मारतात आणि करडा किंवा मातकट रंग उरतो. हा झाला विरोध.

याचे सर्वांत जुने आणि घरगुती प्रात्यक्षिक आपल्या न्हाणीघरात होत असे, अजूनही कित्येक घरांत होते. पांढरे धोतर वापरून वापरून पिवळट पडते. शेवटच्या पाण्यात नीळ घालून ते पिळले की पांढरेशुभ्र दिसते. कापड पिवळे पडते याचा अर्थ ते प्रकाशातला निळा भाग थोडा गिळते. नीळ उलट पिवळा-तांबडा भाग थोडा गिळते. दोघांचा हिशेब बरोबरीत सुटला की पिवळेपण उरत नाही. खरे म्हणजे ते कापड आता आधीपेक्षा किंचित कमी उजळ असते, पण रंगाची छटा गेल्यामुळे डोळा त्याला अधिक पांढरे म्हणतो. घराला चुना देताना डबाभर चुन्यात चिमूटभर नीळ टाकणाऱ्याचाही हिशेब तोच. नीळ जास्त झाली तर सदरा निळा होतो, आणि त्याचे खापर कोणावर फुटते ते सांगायला नको.

कोणी चाणाक्ष श्रोता विचारील की, अहो, पिवळा आणि निळा मिळून तर हिरवा होतो असे तुम्हीच आत्ता सांगितले, मग धोतर हिरवे का होत नाही? प्रश्न फार चांगला आहे आणि त्याच्या उत्तरासाठी आपल्याला थोडे विलायतेत जावे लागेल.

पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग असतात हे न्यूटनने लोलकाच्या साहाय्याने दाखवले. १७०४ साली निघालेल्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात त्याने त्या रंगांच्या पट्टीची दोन टोके वळवून जुळवली आणि त्यांचे वर्तुळ केले. आपल्या चक्राचा तो आजा. यात एक गंमत आहे. इंद्रधनुष्याच्या एका टोकाला तांबडा आणि दुसऱ्या टोकाला जांभळा, त्यांना जोडताना मध्ये जो सांधा येतो तिथे आपला राणी रंग बसतो. हा रंग इंद्रधनुष्यात नाही. आकाशात तो शोधू नका, तो तांबडा आणि जांभळा एकदम डोळ्यांत शिरले म्हणजेच दिसतो.

पुढे स्कॉटलंडचा जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८५० नंतरच्या दशकात फिरत्या चकत्यांवर प्रयोग केले. ते आपल्या मुलांना सहज करता येतील. पुठ्ठ्याची चकती कापा, मध्याजवळ दोन भोके पाडून त्यांतून दोरा ओवा, म्हणजे जत्रेतली भिंगरी झाली. चकती अर्धी पिवळी आणि अर्धी गडद निळी रंगवा. दोऱ्याला पीळ देऊन ती गरगर फिरवली की काय दिसेल? हिरवा दिसेल, असे जवळजवळ सगळेच म्हणतात. दिसतो करडा. निळ्या-पिवळ्याचे प्रमाण थोडे कमीजास्त करून पाहावे लागते, पण हिरवा काही येत नाही.

वाटीत हिरवा आणि भिंगरीवर करडा, असे का? वाटीत रंगांचे कण एकमेकांच्या मागेपुढे असतात. पिवळा कण निळा-जांभळा प्रकाश गिळतो, निळा कण तांबडा-पिवळा प्रकाश गिळतो, आणि दोघांच्याही तावडीतून सुटतो तो फक्त मधला हिरवा. ही वजाबाकी आहे. भिंगरीवर दोन्ही रंगांचा प्रकाश झपाट्याने आळीपाळीने डोळ्यावर पडतो, कोणी कोणाचा काही गिळत नाही. ही बेरीज आहे. धोतरावरचा पिवळेपणा आणि नीळ दोन्ही इतके विरळ असतात, आणि कपड्याची नीळ मुळातच थोडी जांभळ्याकडे झुकलेली असते, की हिरवी छटा डोळ्याला जाणवण्याइतकी उरत नाही.

म्हणजे पूरक रंगांचे दोन हिशेब झाले, एक वाटीतला आणि एक डोळ्यातला. चित्रकाराच्या चक्रात पिवळ्यासमोर जांभळा आहे, डोळ्याच्या चक्रात पिवळ्यासमोर निळा. चित्रकाराच्या चक्रात तांबड्यासमोर पानाचा हिरवा आहे, डोळ्याच्या चक्रात मोरपंखी. या फरकावरून पंडितांत पुष्कळ वाद झाले आहेत. माझे मत विचाराल तर वादाचे फारसे कारण नाही. फरक बहुधा चक्रावरच्या एखाद्या घराचा आहे. रंग कालवताना वाटीवर विश्वास ठेवावा, रंग शेजारी मांडताना डोळ्यावर.

डोळ्याचा हिशेब तपासण्यासाठी भिंगरीही लागत नाही. तांबड्या कागदाची रुपयाएवढी टिकली पांढऱ्या कागदावर ठेवा. तिच्या मध्यावर नजर न हलवता तीस अंक मोजा. मग टिकली काढून घ्या आणि त्याच जागी पाहत राहा. कोऱ्या कागदावर एक मोरपंखी टिकली तरंगताना दिसेल. ती कागदावर नाही, तुमच्या डोळ्यात आहे. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. तांबड्याकडे एकसारखे पाहिल्याने त्या रंगाला प्रतिसाद देणारी बाजू थकते, आणि मग पांढऱ्यातले उरलेले दोघे वरचढ ठरतात. पिवळी टिकली ठेवलीत तर निळी दिसेल, हिरवी ठेवलीत तर गुलबट. ज्या मुलाला चक्रातली समोरची जागा आठवत नाही त्याने पुस्तक उघडण्याऐवजी अर्धा मिनिट टक लावून पाहावे, उत्तर डोळाच देईल. शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टरांचे कपडे आणि पडदे हिरवे किंवा निळसर-हिरवे असतात ते याच कारणाने. रक्ताच्या तांबड्याकडे बराच वेळ पाहिल्यावर पांढऱ्या कपड्यावर ही हिरवट भुते नाचू लागतात. हिरव्या कपड्यावर ती दिसत नाहीत आणि नजरेला विसावाही मिळतो. पांढऱ्याऐवजी असे रंग वापरण्याचा प्रघात विसाव्या शतकात पडला.

आता पूरक या नावाची बाजू. पॅरिसच्या गोब्लँ नावाच्या प्रसिद्ध गालिचे-पडद्यांच्या कारखान्यात १८२४ पासून मिशेल शव्रल हे रसायनशास्त्रज्ञ रंगाई खात्याचे प्रमुख होते. कारागिरांची तक्रार अशी होती की, काही कामांत वापरलेले काळे सूत पुरेसे काळे दिसत नाही. रंग कच्चा असावा अशी शंका. शव्रल यांनी सूत तपासले, दुसरीकडच्या काळ्या सुताशी ताडून पाहिले. रंगात काही खोट नव्हती. ते काळे सूत निळ्या-जांभळ्याच्या शेजारी विणले जात होते आणि त्या शेजारामुळे ते उतरलेले दिसत होते. रसायनशास्त्रज्ञाने भट्टी दुरुस्त करायला जावे आणि डोळ्याचा नियम घेऊन यावे, असा हा प्रसंग. या विषयावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १८३९ साली निघाला. त्यातले सार असे की, प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतो. तांबड्याशेजारी ठेवलेला करडा हिरवट दिसतो, हिरव्याशेजारी तोच करडा तांबूस दिसतो. मग तांबड्याशेजारी हिरवाच ठेवला तर? तांबडा त्याला अधिक हिरवा करतो आणि तो तांबड्याला अधिक तांबडा करतो. कोणाच्याही डब्यातला रंग एका थेंबाने वाढलेला नाही, पण दोघांचे तेज वाढले. हे शव्रल १८८९ साली वारले तेव्हा त्यांचे वय एकशेदोन होते.

पॅरिसच्या कारखान्यातून आता आपल्या कारखान्यांत येऊ. पेण, हमरापूर, जोहे या बाजूला कारखाना म्हटले की भोंगा आणि धुराडे कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही, गणपतीचा कारखाना येतो. तांबडशेत नावाचे गावही तिथेच आहे. रंगावर बोलणाऱ्याने ते नाव घेतल्यावाचून पुढे जाऊ नये, म्हणून घेतले. परदेशी जाणाऱ्या मूर्ती पावसाळ्याआधीच मार्गाला लागतात, म्हणजे आपण इथे वसंत व्याख्यानमालेत बसलो असताना तिथे रंगकाम चालू असते. मूर्तीला आधी पांढरा हात, मग अंगाचा रंग, मग सोवळे, शेला, दागिने, आणि सर्वांत शेवटी जाणत्या हाताने डोळ्यांची आखणी.

या कामातला अंगाचा रंग आता पुष्कळ ठिकाणी फवाऱ्याच्या बंदुकीने मारतात. वेळ वाचतो, गुळगुळीतपणा येतो, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्याबरोबर तयार बाटल्यांची सवय आली. सोवळे उठून दिसत नाही, तर आणखी भडक पिवळ्याची बाटली आणा, मग त्यापुढे शेला फिका दिसतो, तर आणखी भडक तांबडा आणा. अशी ही चढाओढ. चढाओढीत खर्च वाढतो हे एक, आणि दुसरे त्याहून गंभीर आहे. जुन्या भडक रंगांचा इतिहास फारसा सोवळा नाही. क्रोम पिवळा म्हणजे शिशाचे क्रोमेट. परंपरेचा शेंदूर म्हणजे शिशाचाच एक ऑक्साइड. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. ही द्रव्ये ज्याच्या बोटांना लागतात तो कारागीर, आणि अनंत चतुर्दशीनंतर ती ज्या पाण्यात जातात ती आपली भोगावती, अंबा, कुंडलिका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० सालच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी मूर्तींसाठी विषारी रासायनिक रंग नकोत, नैसर्गिक रंग वापरा, असे सांगितले आहे.

सूचना योग्य आहे, पण कारागिराची अडचणही खरी आहे. गेरू, पिवळी माती, नीळ, काजळी, हळद या रंगांची मूर्ती बाजारात भडक मूर्तीशेजारी ठेवली की गिऱ्हाईक तिच्याकडे वळून पाहत नाही. हे गाऱ्हाणे ऐकून घेतल्यावर केवळ पर्यावरणाचा उपदेश करून निघून जाणे मला प्रशस्त वाटत नाही. इथे आपले चक्र कामाला यावे असे मला वाटते.

गेरू घ्या. पांढऱ्यावर लावला तर तो विटकरी, मवाळ दिसतो. त्याच गेरूच्या शेल्याला मोरपंखीची बारीक किनार द्या, निळीत थोडी पिवळी माती घालून ती छटा घरीच होते. किनारीजवळचा गेरू एकदम तांबडा बोलू लागतो. पिवळ्या मातीचे सोवळे मंद वाटते ना? त्याच्या चुण्यांत काळा भरण्याऐवजी गेरू आणि नीळ मिळून होणारा काळसर जांभळा भरा. पिवळ्यासमोरचा तो. चुणीच्या खोलगटात तो सावलीचे काम करतो आणि बाहेरच्या उंचवट्यावरचा पिवळा उजळतो. काळ्याने केलेली सावली बहुधा मळकट दिसते, कारण पिवळ्यात काळा मिसळला की त्याला शेवाळी झाक येते. अंगाच्या गुलाबी रंगातल्या सावल्यांनाही काळा नको, गुलाबीतच हिरवट निळ्याचा एक थेंब टाकला तर कातडीखाली रक्त असल्याचा भास टिकून राहतो. हे प्रयोग फुटक्या मूर्तीवर किंवा पणतीवर करून पाहण्यासारखे आहेत. खर्च काहीच नाही.

हळदीविषयी मात्र दोन धोक्याच्या सूचना. ऊन लागले की हळदीचा पिवळा उडतो. आणि ओल्या चुन्यावर हळद लावली तर ती तांबडी होते, कारण क्षाराने हळदीचा रंग पालटतो. कुंकू परंपरेने हळदीपासूनच करीत आले ते याच गुणावर. कुंकवाला जे वरदान तेच सोवळ्याला संकट. म्हणून हळद वापरायचीच तर चुन्याच्या हातावर नव्हे, आणि मूर्ती सावलीत ठेवून.

प्रमाणाचाही विचार हवा. समोरासमोरचे दोन रंग सारख्या क्षेत्रात आणि सारख्या उजळपणाचे मांडले तर ते एकमेकांवर ओरडतात. तांबड्या पाटीवर हिरवी अक्षरे लिहिलेला एखादा फलक आठवा. अक्षरांच्या कडा थरथरताना दिसतात, आणि दुकानाचे नाव काही वाचता येत नाही. पुरुषांत थोड्या जणांना जन्मतः तांबड्या-हिरव्यातला भेद नीट कळत नाही, त्यांना तर ती पाटी जवळजवळ कोरीच दिसते. हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो आणि कित्येकांना तो मोठेपणी, रेल्वेच्या नोकरीची डोळे-तपासणी झाल्यावरच कळतो. शाळेत रंगचक्र काढायला लावताना जो मुलगा तांबडा आणि हिरवा यांत सारखा चुकतो, त्याला धपाटा घालण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवावे. आणि पाटी रंगवणाऱ्याने एक रंग गडद व दुसरा फिका ठेवावा, मग कोणालाही ती वाचता येते. आपल्या काठापदराच्या लुगड्यात हे प्रमाण किती नेमके सांभाळलेले आहे पाहा. अंग भरून हिरवा, आणि तांबडा बोटभर किंवा चार बोटे. केळीच्या हिरव्यागार पानावर लोणच्याची फोड एवढीशीच असते, पण नजर आधी तिच्याकडे जाते.

रात्रीच्या दिव्यात हे हिशेब बिघडतात, हेही सांगून ठेवतो. पिवळट दिव्यात निळा काळवंडतो आणि जांभळा तपकिरी वाटतो. कापडाच्या दुकानात जुनी माणसे ताका उचलून दारात, उजेडात नेऊन पाहत, ते उगीच नव्हे. मूर्ती मखरात दिव्यांच्या माळांखाली बसणार असेल तर रंगवतानाही एकदा तशा उजेडात पाहावी.

आता शेवटचे काम. आपण केलेल्या चक्राएवढीच दुसरी चकती कोऱ्या कागदाची कापा. तिला समोरासमोर दोन खिडक्या पाडा, एकेका घराएवढ्या. ती चक्रावर ठेवून मध्ये टाचणी खोचा आणि टाचणीचे टोक मागे वाकवा. वरची चकती फिरवली की एका खिडकीत एक रंग आणि दुसरीत त्याचा पूरक रंग येतो. बाकीचे दहा झाकले जातात, म्हणून डोळा गोंधळत नाही. मधल्या मोकळ्या जागेत पेन्सिलीने आपल्या उपयोगाच्या नोंदी कराव्यात: कोणत्या बाटलीतला तांबडा शेंदराकडे झुकतो, कोणता राणीकडे, गेरू कोणत्या घराजवळ बसतो, दुकानातली नीळ कोणत्या. दोन कारखान्यांच्या चकत्यांवरच्या नोंदी सारख्या असणार नाहीत, कारण रंग सारखे नसतात.

अशा काही चकत्या आणि तांबड्या टिकल्या मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. टिकलीचा प्रयोग ज्यांना आत्ताच करायचा असेल त्यांनी खिडकीजवळ जावे, तिथे अजून उजेड आहे. चकत्या थोड्या आहेत, तेव्हा आधी मुलांना आणि कारखान्यात काम करणाऱ्यांना घेऊ द्याव्यात. बाकीच्यांना लग्नपत्रिकांचा तुटवडा या दिवसांत पडू नये.